फॉर्म ७०० वरची माझी सही

(मंडळाच्या कोजागिरी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिला.)



मला भाषणाची सवय नाही. बत्तीस वर्षं नोकरी केली ती जेट इंजिनच्या आवाजात. तिथे बोलून काही ऐकू येत नाही, सगळं हाताच्या खुणांनी चालतं. आपले चिटणीस म्हणाले, "काका, दूध आटेपर्यंत बोला." दूध किती वेळात आटतं ते आमच्या सौ.ना माहीत, मला नाही. तेव्हा कंटाळा आला तर हात वर करा. ती खूण मला चटकन समजते!

विषय तुम्हीच दिला आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला आपल्या चंडीगडच्या तळावर मिग-२१ विमान निवृत्त झालं. त्या दिवशी झिरकपूरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी सकाळपासून उभा होतो. आवाज आला की वर बघायचं आणि मग खाली धावत येऊन टीव्ही बघायचा, असं चाललं होतं. नातू विचारत होता, "आजोबा, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, "ऊन लागतंय डोळ्यांना."

हे विमान आपल्याकडे पहिल्यांदा आलं तेही याच शहरात. १९६३ साली २८ नंबरची स्क्वाड्रन इथे उभी राहिली. तिचं नाव 'फर्स्ट सुपरसॉनिक्स', म्हणजे आवाजाहून वेगाने जाणारी आपल्या देशातली पहिली लढाऊ विमानं. तिचे पहिले प्रमुख विंग कमांडर दिलबाग सिंग पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला केला तो मिग-२१ नेच. कारगिलच्या वेळी हे विमान होतं, २०१९ सालच्या फेब्रुवारीतही होतं. बासष्ट वर्षं! आपल्यातला एखादा माणूस बासष्ट वर्षं नोकरी करील का?

आणि आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवावं असं एक. रशियाकडून तंत्रज्ञान घेऊन यातली शेकडो विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरला, एच.ए.एल.च्या कारखान्यात तयार झाली. पॅनेल उघडून आत काम करताना मनात यायचं, हा रिव्हेट कुणीतरी निफाडच्या नाहीतर दिंडोरीच्या माणसाने मारला असेल. तेवढाच गावाकडचा वास!

माझं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. वडील शेतकरी. बारावीनंतर मुंबईच्या भरती केंद्रात परीक्षा दिली आणि १९८० साली एअरमन म्हणून भरती झालो. सुरुवातीचं प्रशिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याला, म्हणजे जवळजवळ घरीच. मग मद्रासजवळ तांबरमला एअरफ्रेम फिटरचं शिक्षण. तिथून पहिली नेमणूक मिग-२१ च्या स्क्वाड्रनमध्ये. गावी पत्र लिहिलं, "मी विमानावर आहे." वडिलांनी गावभर सांगितलं, पोरगा विमान चालवतो. सुट्टीवर गेलो तेव्हा समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी एका म्हाताऱ्या चुलत्यांनीच तोडगा काढला. ते म्हणाले, "म्हणजे बैलाला चारा-पाणी, नाल-पत्री बघणारा तू, आन् गाडी हाकणारा दुसरा. आसंच ना?" अगदी असंच. याहून चांगलं मला आजही सांगता येत नाही.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. आमचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. हँगरमधून विमान ट्रॅक्टरने ओढून बाहेर लाइनवर आणायचं. मग प्रत्येक ट्रेडचा माणूस त्याच्याभोवती लागायचा. एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकलवाला, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ, आर्मामेंट. मी टायर, ब्रेक, हायड्रॉलिकची गळती, पंखांचे हलणारे भाग आणि सगळी पॅनेलं बघायचो. मिग-२१ ला एकच इंजिन, आणि हवा आत ओढणारं तोंड अगदी नाकावर. जमिनीवरचा बारीक खडा आत गेला तरी इंजिनाची पाती खराब होणार. म्हणून सकाळी आम्ही एका रांगेत, माना खाली घालून, खडे वेचत चालायचो. नवीन लग्न झालेल्या एका पोराच्या बायकोने लांबून ते पाहिलं आणि घरी विचारलं, "तुमचं काय हरवलं होतं हो सगळ्यांचं?"

उन्हाळ्यात राजस्थानात विमानाचा पत्रा असा तापायचा की उघडा हात टेकवला तर फोड यायचा. थंडीत पंजाबात त्याच पत्र्याला बोटं चिकटायची. हे विमान उतरतं फार वेगात, आणि थांबवायला शेपटीतून पॅराशूट उघडावं लागतं. ते धावपट्टीच्या टोकाला पडायचं, गाडी जाऊन उचलून आणायची, पुन्हा घडी घालून भरायचं. आणि पुढचं उड्डाण तासाभरात.

वैमानिक आला की तो विमानाभोवती एक चक्कर मारतो. मग शिडी चढून बसतो. त्याच्या मागोमाग आमच्यातला एक शिडी चढतो आणि त्याला सीटचे पट्टे बांधतो. ती सीट साधी नसते. संकटात वैमानिकाला स्फोटाने विमानाबाहेर फेकणारी सीट असते. तिच्या सुरक्षेच्या पिना काढून वैमानिकाला दाखवायच्या, खाली उतरायचं, शिडी काढायची आणि बाजूला उभं राहायचं. तो गेला की विमानाच्या जागेवर उरतात ते चाकाखालचे ठोकळे आणि ती शिडी. तो परत येईपर्यंत आपण तिथेच.

आणि या सगळ्याआधी एक गोष्ट असते. फॉर्म ७००. हे विमानाचं चोपडं. प्रत्येक विमानाचं वेगळं. त्यात कोणी काय तपासलं, काय बदललं, किती इंधन भरलं, सगळं लिहायचं आणि ज्याने काम केलं त्याने सही करायची. वैमानिक ते वाचतो आणि खाली आपली सही करून विमान ताब्यात घेतो. त्याने माझा चेहरा कधी नीट पाहिलेला नसतो. तो माझ्या सहीवर विश्वास ठेवून वर जातो.

मी आज जे सांगणार आहे ते या सहीबद्दल. मागच्या रांगेतल्या माझ्या मित्रांनाही यातलं सगळं माहीत नाही. आमच्या सौ.ना माहीत आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. पश्चिम सरहद्दीजवळचा एक तळ. नाव सांगत नाही. मी तेव्हा कॉर्पोरल. भाद्रपद महिना, गणपतीचे दिवस. आम्ही तळावर मराठी एअरमन मोजून अकरा. एका सार्जंटच्या क्वार्टरमध्ये गणपती बसायचा. मूर्ती आम्हीच करायचो, वाळूमिश्रित मातीची, त्यामुळे बाप्पाचं पोट दरवर्षी तडकायचं. मोदकांना ओला नारळ मिळत नसे, मग सुक्या खोबऱ्याचे. विसर्जनाला नदी नाही, विहीर नाही. मोठ्या बादलीत विसर्जन करायचं आणि ती माती क्वार्टरमागच्या तुळशीला घालायची. पण आरती अशी जोरात की पंजाबी, बंगाली, मल्याळी सगळे येऊन टाळ्या वाजवायचे. त्या वर्षी पूजेचा मान माझ्याकडे होता, कारण नवीन लग्न झालं होतं.

त्या सकाळी चार विमानांचं उड्डाण होतं. फार घाई होती. आमच्यातले दोघे सुट्टीवर, एक आजारी. माझ्या विमानाची तपासणी मी केली. सगळं स्वतः बघितलं, एक सोडून. टायरमधला दाब. तो माझ्या एका सोबत्याने बघितला आणि लांबूनच अंगठा वर केला. मी फॉर्म ७०० वर सही केली. दाब तपासला, सही माझी. हे त्या दिवशी पहिल्यांदा केलं असं नाही. घाईत असं कधीकधी सगळेच करायचे.

वैमानिक एक तरुण फ्लाइट लेफ्टनंट होते, दक्षिणेकडचे. मी पट्टे आवळले तेव्हा ते वैतागून म्हणाले, "अरे, इतना टाइट मत कर, साँस तो लेने दे." मी म्हटलं, "सॉरी सर," आणि आणखी एक ओढ दिली. ते हसले. मी पिना दाखवल्या, उतरलो, शिडी काढली.

अशी फेरी साधारण पाऊण तासाच्या आतबाहेर संपते. इंधनच तेवढं. पहिलं विमान उतरलं, दुसरं उतरलं, तिसरं उतरलं. चौथं माझं. आम्ही आकाशाकडे बघत राहिलो. मग फायर टेंडर आणि अॅम्ब्युलन्स निघाली. कोणी काही बोलेना. आमचे लाइनवरचे वॉरंट ऑफिसर आले आणि म्हणाले, "कोई कहीं नहीं जाएगा." दहा मिनिटांत त्या विमानाचा फॉर्म ७०० आणि सगळी कागदपत्रं ताब्यात घेऊन सील केली. अपघात झाला की हा नियमच असतो.

मी शिडीजवळ उभा. ठोकळे तसेच पडलेले. आणि डोक्यात एकच. दाब मी बघितला नव्हता.

तळावरच्या बायकांनाही एक सवय असते. घरात पोळ्या लाटताना त्या आवाज मोजतात. किती गेली, किती आली. आमच्या सौ. लग्न होऊन चार महिने झालेल्या, त्यांनाही ती लागली होती. त्यांनी त्या दिवशी तीन मोजले. मी वैमानिक नाही हे माहीत असूनही त्या पोळपाटापाशी तशाच बसून राहिल्या.

तासाभराने बातमी आली. वैमानिकांनी विमानातून बाहेर उडी घेतली होती, म्हणजे सीटने त्यांना फेकलं होतं. ते जिवंत आहेत, पाठीला मार आहे. विमान शेतात पडलं, जमिनीवर कोणाला इजा नाही. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मीही मानले. पण संध्याकाळी आरतीची वेळ झाली आणि माझा हात ताटाला लागेना. मी सार्जंटना म्हटलं, "दादा, आज तुम्ही करा." त्यांनी विचारलं नाही, आरती केली.

चौकशी सुरू झाली. विमान कशामुळे पडलं ते कोणालाच माहीत नव्हतं. मला बोलावणं येणार हे नक्की. आदल्या रात्री तो सोबती माझ्याकडे आला. तो म्हणाला, "दाब मी बघितला होता, बरोबर होता. आणि टायरने विमान हवेतून पडतं का? तू बघितलास असंच सांग. सही तुझीच आहे. दोघांचीही नोकरी वाचेल." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. टायरचा आणि त्या अपघाताचा संबंध असण्याची शक्यता फारच कमी होती. खरं सांगितलं तर फायदा कोणाचाच नव्हता.

मी रात्रभर जागा होतो. सौ.ना सगळं सांगितलं. त्यांना टायर, दाब, फॉर्म यातलं काहीही कळत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, ते साहेब बरे होऊन उद्या पुन्हा विमानात बसले, तर तुमची सही वाचूनच बसतील ना?"

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी एकेक नोंद वाचून विचारलं, हे तुम्ही केलं? हो सर. हे? हो सर. टायरचा दाब? मी म्हटलं, "नहीं सर. सही मेरी है, देखा मैंने नहीं." खोलीत शांतता झाली. लिहिणाऱ्या कारकुनाचंही टंकलेखन थांबलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. कोणी बघितला तेही सांगावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण अर्धं खरं सांगता येत नाही.

अकराव्या दिवशी इंजिन उघडल्यावर कारण निघालं. घार. आत पिसं आणि रक्ताचे अंश सापडले, पाती तुटलेली. एकच इंजिन, ते बंद पडलं की मिग-२१ सारखं विमान दगडासारखं खाली येतं. ना टायरचा संबंध, ना आमच्या कोणाच्या कामाचा. पण न बघता सही केल्याबद्दल मला सक्त ताकीद मिळाली. लाल शाईची नोंद झाली, आणि सार्जंटची पट्टी माझ्या बरोबरच्यांपेक्षा उशिरा लागली. माझ्या सोबत्यालाही ताकीद मिळाली. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलला. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो.

वैमानिक साहेब इस्पितळात होते. सीट बाहेर फेकते तेव्हा पाठीच्या कण्यावर प्रचंड दाब येतो. मणके मोडतात, काहींचं उडणं कायमचं बंद होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी सलाम करून उभा राहिलो, मान खाली. त्यांना चौकशीतलं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. ते म्हणाले, "डॉक्टर कहते हैं, पट्टे ढीले होते तो मैं आज चल नहीं पाता. मैंने मना किया था, याद है?" मला बोलता येईना. त्यांनी बाजूच्या कपाटावरचं सफरचंद माझ्या हातात दिलं. ते सफरचंद मी खाल्लं नाही, बाप्पापुढे ठेवलं. आमचा गणपती त्या वर्षी एकवीस दिवसांचा केला होता, मुद्दाम. काही महिन्यांनी साहेब पुन्हा उडायला लागले. पहिल्या दिवशी फॉर्म ७०० वाचून सही करताना माझ्याकडे बघून म्हणाले, "देखा है ना?" मी म्हटलं, "देखा है सर." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी एकही सही केली नाही. लोक मला 'धीमा' म्हणायचे.

मित्रहो, या विमानाला वर्तमानपत्रांनी 'उडती शवपेटी' म्हटलं. आम्हाला ते शब्द फार लागायचे. ज्याला आपण रोज पुसतो त्याला कोणी शवपेटी म्हटलं तर राग येणारच. पण आकडे लपवून चालत नाहीत. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमानं अपघातांत गेली होती, आणि १७१ वैमानिक, ३९ नागरिक व इतर सेवांतले ८ जण मृत्युमुखी पडले होते. या आकड्यामागे फक्त जुनं विमान नव्हतं. नवशिका वैमानिक हळू विमानावरून एकदम या वेगवान विमानावर जायचा. मधली पायरी म्हणून प्रगत प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ साली केली. ते हॉक विमान हवाई दलात आलं २००८ साली. सव्वीस वर्षं गेली. कितीतरी फायलींवर कितीतरी सह्या झाल्या असतील. त्या करणाऱ्यांपैकी कोणाला शिडीपाशी उभं राहावं लागलं नाही. मुंबईच्या कविता गाडगीळ यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित, २००१ साली मिग-२१ च्या अपघातात गेला. त्या माउलीने घरात बसून न राहता प्रश्न विचारले, सतत विचारले. तेव्हा मी नोकरीत होतो, उघड बोलू शकत नव्हतो. आज बोलतो. आमचा या विमानावर जीव होता, आणि त्या माउलीचे प्रश्नही बरोबर होते. दोन्ही खरं आहे.

एक लहानशी विनंती, चंडीगड-मोहालीत राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना. ती घार विमानाकडे का आली? तळाच्या भिंतीपलीकडे लोक मांसाचे तुकडे आणि उष्टं-खरकटं टाकत होते. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत असा कचरा उघड्यावर टाकायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे समारंभ होतात, प्रसाद होतो, जेवणावळी होतात. गणपतीच्या महाप्रसादाच्या पत्रावळी कुठे जातात, एवढं कार्यकर्त्यांनी जाऊन डोळ्यांनी बघावं. 'तो बघेल' म्हणून लांबून अंगठा वर करू नये!

शेवटचं सांगतो. २६ सप्टेंबरला टीव्हीवर मी सगळा सोहळा बघितला. २३ नंबरच्या स्क्वाड्रनची विमानं शेवटची उडाली, हवाई दलप्रमुख स्वतः त्या उड्डाणात होते. उतरल्यावर विमानांना पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी दिली. मग समारंभात हवाई दलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हातात एक वस्तू दिली. मला वाटलं होतं, तलवार देतील, नाहीतर विमानाची चांदीची प्रतिकृती. त्यांनी दिला फॉर्म ७००. ते चोपडं बघितलं आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. नातू पुन्हा म्हणाला, "आजोबा, आता तर ऊन नाहीये."

त्या चोपड्यात माझ्यासारख्या हजारो फिटरांच्या सह्या आहेत. नावं कोणी वाचणार नाही, अक्षरंही धड लागत नाहीत, ग्रीसचे डाग पडलेले. त्यातली माझी एक सही खोटी होती. बाकीच्या सगळ्या खऱ्या आहेत.

दूध आटलं वाटतं. वास आला. थांबतो.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद!